मेरिटची पहिली पायरी अंगणवाडीत

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ‘गुणवत्ता’ या शब्दाचा बाजार भरतो. लातूर-धाराशिवच्या चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक झळकतात, पेढे वाटले जातात. त्याच वेळी आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने नववी-दहावीत शाळा सोडली की त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलले जाते, ‘त्याचा पायाच कच्चा होता.’ हे वाक्य शिक्षक बोलतात, साहेबलोक बोलतात आणि आता तर त्या मुलाचे आईबापही मान खाली घालून बोलू लागले आहेत. पण हा पाया कच्चा कुणी ठेवला, केव्हा ठेवला आणि पाया म्हणजे नेमके काय, हे कुणी विचारत नाही. एखादे घर कोसळले तर आपण त्यात राहणाऱ्याला दोष देत नाही, बांधणाऱ्याला जाब विचारतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायची गरज नाही. मग शिक्षणाच्या बाबतीतच राहणाऱ्याच्या माथी खापर का?

आम्ही या जिल्ह्यात वकिली करतो आणि चळवळीचे काम करतो. कोर्टाच्या निमित्ताने, मोर्चा-बैठकांच्या निमित्ताने कळंब, वाशी, भूम, परंडा, तुळजापूर, लोहारा, उमरगा अशा तालुक्यांतल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर आमचे जाणे होते. शिष्यवृत्ती अडली, जात पडताळणी अडली, वसतिगृहात प्रवेश नाकारला, अशा तक्रारी घेऊन तरुण आमच्याकडे येतात. त्या लढाया लढल्याच पाहिजेत. पण गेल्या शंभर वर्षांत आपल्या किती तक्रारी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी झाल्या? अंगणवाडी उघडत नाही म्हणून किती मोर्चे तहसीलवर गेले? हा प्रश्न चळवळीने गांभीर्याने घ्यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

पाया म्हणजे काय?

पाया म्हणजे अ-आ-इ पाठ असणे नव्हे. पाया हा लहान लहान सवयींचा असतो. गोष्ट चालू असताना ती शेवटपर्यंत कान देऊन ऐकणे. दुसऱ्याने केले ते बघून तसे करून पाहणे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे. ‘आधी पाणी भर, मग चटई घाल’ असे सांगितले तर आधीचे आणि नंतरचे ध्यानात ठेवणे. लहान-मोठे, कमी-जास्त, आत-बाहेर यांतला फरक तोंडाने सांगणे. चुकले तर पुन्हा करून पाहणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कळले नाही तर विचारणे. या सवयी कोणत्याही जातीच्या रक्तात नसतात. त्या शिकाव्या लागतात आणि शिकवणारे कुणीतरी असावे लागते.

पुढचे सगळे शिक्षण या सवयींवर एकावर एक रचले जाते. ‘कमळ’ हा शब्द वाचता येण्याआधी तो मुलाच्या ऐकण्या-बोलण्यात असावा लागतो. त्यात क, म, ळ असे वेगवेगळे आवाज आहेत हे कानाला उमगावे लागते. ओळ डावीकडून उजवीकडे जाते हे डोळ्याला माहीत व्हावे लागते. मग अक्षर, मग काना-मात्रा-वेलांटी, मग जोडाक्षर, मग वाक्य. ज्या मुलाचा सगळा दम अक्षर ओळखण्यातच जातो, त्याला वाक्याच्या अर्थाकडे लक्ष द्यायला सवडच राहत नाही. चौथीत शाब्दिक उदाहरण येते. मुलाला बेरीज येते, वजाबाकी येते, पण काय करायचे ते वाक्यच उलगडत नाही, म्हणून उत्तर चुकते. सहावीत इतिहास-भूगोलाची पाने भरभर वाढतात. आठवीत बीजगणित येते. बीजगणितात आठवीत नापास झालेला मुलगा खरे म्हणजे पहिलीत नापास झालेला असतो. त्याचे गुणपत्रक तेवढे सात वर्षे उशिरा हातात पडते.

हा विचार आपल्याला परका नाही. मज्झिम निकायात गणक-मोग्गल्लान सुत्त आहे. हिशेबाचा धंदा करणारा मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण भगवान बुद्धांकडे येतो आणि म्हणतो, माडीवर जाणारा जिना पायरी-पायरीने बांधलेला असतो. आम्ही हिशेबनीसही शिकाऊ पोराला आधी एकाचा एक, मग दोनाचे दोन असे मोजायला लावतो आणि असे करत शंभरापर्यंत नेतो. आपल्या धम्मातही अशी क्रमाक्रमाची शिकवण आहे काय? बुद्ध सांगतात, आहे. घोड्याला शिकवणारा जाणकार माणूस आधी त्याला लगामाची सवय लावतो, मग पुढचे शिकवतो. त्याप्रमाणे शील, इंद्रियांवर लक्ष, आहारातला संयम, जागरूकता आणि मग ध्यान, असा तो क्रम आहे. पहिली पायरी गाळून शेवटच्या पायरीवर कुणालाही उडी मारता येत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे.

गरिबाचे घर रिकामे नाही

येथे एका गैरसमजाला उत्तर दिले पाहिजे. ‘यांच्या घरी संस्कारच नसतात’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते हे म्हणणे खोटे आहे आणि जातीय आहे. आपल्या वस्तीतल्या मुली गजगे खेळतात. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. मोग्गल्लानाने सांगितलेला हिशेबाचा पहिला धडा त्या मातीत बसून गिरवतात. शेळ्या राखणारे पोर संध्याकाळी कळपाकडे एक नजर टाकून सांगते की एक शेळी मागे राहिली. चार वर्षांची चिमुरडी जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीताचे यमक बरोबर पकडते आणि पुढचा शब्द आधीच म्हणते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, बाजारात मराठी ऐकते, दोन्ही समजते. हे सगळे शिकणेच आहे.

मग खोट कुठे आहे? खोट अशी की या शिकण्याला शाळेच्या शिकण्याशी जोडणारा पूल कुणी बांधत नाही. गजग्यातले ‘दोन-दोन’ आणि फळ्यावरचा दोनचा पाढा एकच आहे, हे मुलाला कुणीतरी दाखवून द्यावे लागते. भीमगीतातले यमक आणि अक्षरांचे आवाज यांची ओळख करून द्यावी लागते. साहेबाच्या घरी हे काम शिकलेली आई करते, आजोबा करतात, चित्रांची पुस्तके करतात. आपल्याकडे आई पहाटेच मजुरीला गेलेली असते. म्हणून तिच्या मुलासाठी हे काम शासनाच्या अंगणवाडीने केले पाहिजे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पोषण आहार, लसीकरण यांच्याबरोबर शाळापूर्व शिक्षण हीसुद्धा एक सेवा आहे. व्यवहारात अनेक ठिकाणी उरली ती फक्त खिचडी. खिचडी हवीच, पण ती खाऊन झाल्यावर मुलाशी अर्धा तास बोलणारे, त्याला गोष्ट सांगणारे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूसही हवे.

हे केल्याने काय फरक पडतो, याचा पुरावा जगात आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली गेली. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालवाडी आणि शिक्षिकेच्या घरभेटी मिळाल्या, ६५ मुलांना मिळाल्या नाहीत. या मुलांचा माग त्यांची चाळिशी उलटेपर्यंत काढला गेला. गंमत अशी की बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेली वाढ काही वर्षांत विरून गेली. पण बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले, त्यांची कमाई जास्त राहिली, पोलिसांच्या तावडीत सापडण्याचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे टिकले ते काय? लक्ष देणे, काम तडीस नेणे, चारचौघांत निभावून नेणे या सवयी टिकल्या. जमैकात १९८६-८७ मध्ये कुपोषणाने वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू झाला. काही बाळांच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जाई आणि घरगुती खेळण्यांनी बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे हे आईला दाखवी. वीस वर्षांनी पाहिले तर ही मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमवत होती. खेळणी विकत आणलेली नव्हती आणि शिकवणारी बाई पदवीधर प्राध्यापिका नव्हती, याची विशेष नोंद घ्यावी.

जातही लहानपणीच शिकवली जाते

चांगल्या सवयींचा जसा पाया असतो, तसा गुलामीचाही पाया असतो आणि तोही याच वयात घातला जातो. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच पिता येई, शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. त्या गोणपाटावर बसवून मुलाला काय शिकवले जात होते? हात पुढे करू नको. विचारू नको. वाट बघ. बाबासाहेबांच्या घरी सुभेदार रामजींसारखा बाप होता. पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा, पुस्तकासाठी मुलीचे दागिने गहाण ठेवायला मागे-पुढे न पाहणारा. शाळेने घातलेला गुलामीचा पाया घराने उखडून टाकला. ज्या लाखो मुलांच्या घरी रामजी नव्हते, त्यांचे काय झाले याचा इतिहास कुणी लिहिला नाही.

आज गोणपाट गेले असेल, पण धडा गेलेला नाही. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कोणती हे जाहीर केले नव्हते, तेव्हा सवर्ण आणि दलित मुले सारखीच ठरली. मग मुलांची नावे आणि जाती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या. तेव्हा त्याच कोड्यांत दलित मुले मागे पडली. बुद्धी तीच होती, कागद तोच होता. बारा वर्षांच्या आत अंगात मुरवलेला धडा तेवढा जागा झाला.

हा धडा पुढे आयुष्यभर कसा छळतो, ते आम्ही कोर्टात पाहतो. अत्याचाराच्या खटल्यात आपला माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. समोरचा वकील एका वाक्यात दोन प्रश्न कोंबून विचारतो. ‘मला प्रश्न कळला नाही’ असे म्हणण्याचा साक्षीदाराला हक्क आहे. हे त्याला आधी समजावून सांगितलेले असते, आदल्या दिवशी घोकूनही घेतलेले असते. पण ऐनवेळी काळा कोट आणि मोठा आवाज समोर आला की त्याच्या तोंडून ‘व्हय साहेब’ निघून जाते. त्या एका ‘व्हय’ने जबाबात विसंगती येते आणि खरा खटला लंगडा होतो. चाळीस वर्षांच्या माणसाला ‘कळले नाही’ असे म्हणता येत नाही, कारण चार वर्षांचा असताना त्याने तसे म्हटले तेव्हा कुणी तरी त्याच्यावर डोळे वटारले होते. कायदा शिकवायला तीन वर्षे पुरतात, पण प्रश्न विचारण्याची हिंमत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात मिळत नाही. ती फार आधी मिळावी लागते.

शंभरातले अठरा

मुंबई विधिमंडळात १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले असताना, बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी आकडा मांडला की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. प्राथमिक शिक्षणाचा हेतू असा असला पाहिजे की शाळेची पायरी चढलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, असे त्यांनी सरकारला सुनावले. उच्च शिक्षणासाठी परदेशात दोन विद्यापीठे गाजवून आलेला माणूस पहिली ते चौथीची चिंता करत होता. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच म्हटले होते की सरकारचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते.

आपल्या जिल्ह्यालाही या वारशाचा थेट स्पर्श आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली, तेव्हा बाबासाहेबांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. त्या शाळेला आपण वंदन करतो. ते करताना एक हिशेबही मांडला पाहिजे, की त्याच जिल्ह्यात आज कोणते मूल शाळेच्या पायरीपर्यंत तयारीने पोहोचते आणि कोणते पोहोचत नाही.

उसाच्या फडातली सहा वर्षे

दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंडा भागांतून उसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातो. त्यांत आपल्या वस्त्यांतले लोक आहेत, तांड्यांवरचे आहेत, भटके-विमुक्त आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली, काही कारखान्यांवर साखरशाळा झाल्या, २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. त्यांची अंमलबजावणी हा वेगळा विषय आहे. पण तीन-चार वर्षांच्या लेकराचे काय? ते आईपासून दूर राहू शकत नाही, म्हणून ते कोपीवर जाते. आई-बाप पहाटे फडात जातात, लहान बाळ झोळीत असते, त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण असते. म्हणजे एकाच वेळी दोन पाये खचतात. बाळाशी बोलायला मोठे माणूस नाही आणि बहिणीची दुसरी बुडालेली.

साधा हिशेब करा. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तीन ते सहा या तीन वर्षांत तीन हंगाम. म्हणजे अंगणवाडीच्या वयातला जवळजवळ निम्मा काळ मूल पाचटात घालवते. हे मूल जूनमध्ये पहिलीत येते तेव्हा त्याच्या बाकाशेजारी असे मूल बसते, ज्याने तीन वर्षे गोष्टी ऐकल्या, चित्रे रंगवली, मातीचे गोळे मोजले. बाई दोघांना एकच पुस्तक देतात. वर्षअखेरीस एक हुशार ठरते आणि एक ढ. ही शर्यत म्हणायची की फसवणूक?

नीती आयोगाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, आहे. शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य भाग आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. उसाच्या फडातल्या लेकराचे दिवस बदलायला नामांतराची नव्हे, तरतुदीची गरज आहे.

कायद्याने कुठे कापले?

वकील म्हणून एक गोष्ट वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करावा, असे म्हटले होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हे शिक्षण ‘प्राथमिक’पुरते ठेवावे अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचे नाही असे आपण घटनेत म्हणतो, तर त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणातच असले पाहिजे, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. त्यातही खाली सहाची रेघ नव्हती.

ही रेघ ओढली ती २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने. नव्या कलम २१-अ ने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्या मुलांना नव्या कलम ४५ मध्ये ढकलले, जिथे राज्याने फक्त ‘प्रयत्न’ करायचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था करू ‘शकेल’ असा शब्द आहे, ‘करील’ असा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात धरले, २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आले, २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ आले. पण धोरण आणि अभियान यांच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. पाया ज्या वयात पडतो, नेमके तेच वय हक्काच्या बाहेर ठेवले गेले आहे.

तरीही हातात काहीच नाही असे नव्हे. पीयूसीएल खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर नेण्याचा आदेश दिला आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायला सांगितले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी देण्याचेही या आदेशात आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे, गावाचा नाही. मूल कोपीवर असेल तर कोपीजवळची अंगणवाडी त्याची स्थानिक अंगणवाडी झाली पाहिजे, असा आमचा अर्थ आहे.

मेरिटवाल्यांना उत्तर

हे सगळे ऐकून आरक्षणविरोधक टाळ्या वाजवतील. ‘आम्ही तेच म्हणतो, खाली सुधारणा करा आणि वरचे आरक्षण काढा,’ असे ते सांगतील. त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्यांनी खालच्या पायऱ्या काढून घेतल्या, त्यांना वरची शिडी काढण्याचा अधिकार नाही. आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलांचे बालपण परत येणार नाही. त्यांच्या वाट्याची जागा ही भीक नव्हे, थकलेल्या देण्याचा एक हप्ता आहे. शिवाय उशिरा शिकता येत नाही असेही नाही. रात्रशाळेत अक्षर गिरवून ग्रामपंचायत चालवणाऱ्या बाया याच जिल्ह्यात आहेत. उशिरा शिकायला कष्ट दुप्पट-तिप्पट पडतात, एवढेच. आपल्या मुलांनीच जन्मभर ते जादा कष्ट का उपसावेत, हा आमचा सवाल आहे. म्हणून अंगणवाडी की आरक्षण, असा सौदा कुणी मांडला तर तो धुडकावून लावला पाहिजे.

एक इशारा आपल्या नोकरदार बांधवांनाही. तीन वर्षांच्या मुलाला टाय लावून इंग्रजी नर्सरीत पाठवले आणि पेन्सिल हाती देऊन पाने भरून घेतली, म्हणजे पाया पक्का झाला असे नाही. ज्या भाषेत मूल प्रश्न विचारू शकते, त्या भाषेत त्याचा पाया पडतो. गप्प बसवून घोकून घेणे हे गोणपाटाचेच महागडे रूप आहे.

काय करता येईल?

‘अंगणवाडी’ हा शब्द कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटले. कुरणात शाळा जाऊ शकत होती, तर उसाच्या फडात अंगणवाडी का जाऊ शकत नाही? साखर आयुक्तालय, कारखाने आणि महिला व बालविकास विभाग यांना हा प्रश्न हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारला पाहिजे.

गावपातळीवरही पुष्कळ करता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांना आपल्या वस्तीने जायचे आणि अंगणवाडीचा विषय इतिवृत्तात लिहून घ्यायचा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारायचे. अंगणवाडी गावठाणात असून वस्तीतली मुले तेथे जात नसतील, तर का जात नाहीत, तेथे त्यांना कुठे बसवतात, जेवण कुणाच्या हातून मिळते, हे आयांनी जाऊन पाहायचे.

सेविका आणि मदतनीस यांच्याशी वैर धरू नये. त्यांच्यावर सर्वेक्षण, नोंदी, मोबाइलवरची माहिती असा कामांचा डोंगर टाकून शिकवायला वेळ ठेवलेला नाही. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविकांना मानधन आणि पेन्शनसाठी दीड महिन्यावर संप करावा लागला. ज्या बाईच्या हाती आपल्या लेकराचा पाया आहे, तिच्या लढ्यात चळवळीने उभे राहिलेच पाहिजे.

आणि विहार? गावोगावी आपण वर्गणी काढून बुद्ध विहारे बांधली. पौर्णिमेला वंदना होते, उरलेले दिवस कुलूप असते. तेथे रोज संध्याकाळी एक तास चटई घाला. वस्तीतल्या बारावी झालेल्या दोन मुलींना बसवा, त्यांना थोडे मानधन द्या. गजगे, चिंचोके, मातीचे गोळे, जुन्या मासिकातली चित्रे, एवढे सामान पुरे. गोष्ट सांगा आणि मुलाला ती परत सांगू द्या. मूल ‘का?’ म्हणाले तर त्याला गप्प करू नका. वस्तीवरची टोळी उसाला जायच्या आधी मुलांची यादी करा आणि ज्या कारखान्यावर टोळी जाणार, तेथल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला ती स्पीड पोस्टाने पाठवा. पोच जपून ठेवा. पुढे कोर्टात गरज पडली तर तो कागद उपयोगी येईल आणि ते काम करायला आम्ही आहोत.

‘शिका’ हा शब्द बाबासाहेबांच्या मंत्रात पहिला आहे. संघटना आणि संघर्ष त्यानंतर येतात. ते शिकणे कोणत्या वयापासून, याचा निर्णय आता वस्तीने करायचा आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो पहिल्या क्रमांकावर यावा, एवढीच अपेक्षा.

जय भीम!